बाहेरून लागलेली कडी

'शांतता! कोर्ट चालू आहे' सुरू होतं तेव्हा लीला बेणारे आणि सामंत असे दोघंच त्या गावातल्या हॉलमध्ये शिरतात. दाराच्या कडीत बेणारेचं बोट चिमटलेलं असतं. बोट तोंडात धरूनच ती आत येते, आणि सामंत तिला त्या कडीची खोड सांगतो: जराशी बाहेर राहिली, तर दार ओढल्याबरोबर ती बाहेरून लागते आणि माणूस आत अडकतो. बोलणं दुसरीकडे वळतं, मंडळी जमतात, हसणं-खिदळणं सुरू होतं, कडी आपण विसरून जातो. पुढे वेळ घालवायला म्हणून मांडलेला खोटा खटला हळूहळू खरा होऊ लागतो आणि बेणारे उठून निघायला बघते, तेव्हा दार उघडत नाही.

विजय तेंडुलकरांचं हे नाटक 1967 साली रंगायन या नाट्यसंस्थेनं केलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारे सुलभा देशपांडे. मी ते पाहण्याच्या कितीतरी आधी वाचलं होतं आणि माझ्या मनात त्या खटल्यातल्या आरोपांहून ही कडीच जास्त रुतून बसली. आज मागे वळून पाहताना वाटतं, गुपितं, सत्ता आणि नैतिक कसोटीला लागलेल्या संस्था हा विषय घेऊन 1963 ते 1981 या अठरा वर्षांत मराठीत जे काही लिहिलं गेलं, ते सगळं त्या कडीपाशी येऊन थांबतं. आत कोण अडकतं आणि बाहेर कोण मोकळं राहतं, हा त्या लेखनाचा खरा प्रश्न आहे.

बेणारेचंच पाहा. तिचं गुपित एवढंच, की ती अविवाहित आहे आणि तिच्या पोटात मूल आहे. ते उकरून काढायला न्यायाधीश, वकील, साक्षीदार अशी सगळी फौज उभी राहते. काशीकर न्यायासनावर बसून कान कोरतात आणि समाजाच्या अधःपाताबद्दल बोलतात. रोकडे, पोंक्षे, कर्णिक, प्रत्येकाच्या खिशातून तिच्याबद्दल काहीतरी निघतं. शाळेतली तिची नोकरी जाणार, हेही त्याच खोलीत जाहीर होतं. आणि त्या मुलाचे वडील प्रोफेसर दामले? ते नाटकभर रंगमंचावर येतच नाहीत. आरोपी म्हणून त्यांना उभं करावं असं त्या खोलीतल्या एकाच्याही मनात येत नाही. गुपित दोघांचं होतं, झडती एकीची झाली.

हे चार वर्षं आधी बाबूराव बागूल यांनी दुसऱ्या टोकाकडून सांगून ठेवलं होतं. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह 1963 चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीवर परगावी जातो, भाड्यानं खोली मिळवताना जात सांगत नाही, आणि ती कळते तेव्हा त्याला मार खावा लागतो. बागूल स्वतः रेल्वेत नोकरीला होते. शीर्षकातला 'चोरली' हा शब्द मला अजून अस्वस्थ करतो. चोरी होते ती दुसऱ्याच्या मालाची. आपलंच नाव, आपलाच जन्म आपण सांगितला नाही तर त्याला चोरी म्हणायचं, हे कुणी ठरवलं? नोकरी देणारं खातं जातीवरून कुणाला नाकारू शकत नाही, घटनेनं त्याला जागा ठेवलेली नाही. पण खोली देणारा विचारतो, शेजारचा विचारतो, सोबत काम करणारा विचारतो. दुबळ्या माणसाचं गुपित हुडकायला सगळी वस्ती रिकामी असते. बलवानाचं गुपित उघड्यावर पडलेलं असतं आणि वस्ती त्याला वळसा घालून जाते. या काळातलं जे लेखन मला मोलाचं वाटतं, त्या सगळ्यानं हा फरक पाहिला.

तेंडुलकरांच्याच 'घाशीराम कोतवाल'मध्ये तो डोळ्यांना दिसतो. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, मोहन आगाशे यांचा नाना फडणवीस. त्या नाटकात पडदा कापडाचा नाही. बामणांची एक रांग डोलत, गात उभी असते. ती पाठ फिरवते तेव्हा भिंत होते आणि भिंतीपलीकडे नानाचं जे चालायचं ते चालतं. मला ही कल्पना साऱ्या मराठी रंगभूमीवरची सर्वांत खरी वाटते. सत्तेचं गुपित दगडविटांनी झाकलेलं नसतं, ते जिवंत माणसांच्या पाठींनी झाकलेलं असतं, आणि त्या प्रत्येक पाठीला मागे काय चाललंय ते पक्कं ठाऊक असतं. घाशीरामनं स्वतःची मुलगी नानाला दिली आणि बदल्यात कोतवाली मिळवली, हे पुण्यात कुणाला कळलेलं नाही असं नाही. शेवटी लोक घाशीरामला ठेचून मारतात. नाना त्याच्या मरणाचा हुकूम देतो आणि उत्सवही जाहीर करतो. इतिहासातला घाशीरामही 1791 मध्ये पुणेकरांच्या दगडांनीच मेला. त्याच्या कोठडीत कोंबलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यावर लोक खवळले होते.

नाटकातली गोष्ट तिथे संपली आणि नाटकाची सुरू झाली. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेनं एकोणीस प्रयोगांनंतर स्वतःच ते थांबवलं. ब्राह्मणांची आणि नाना फडणवीसांची बदनामी होते, असा गदारोळ होता. सरकारनं बंदी घातली नव्हती, ही गोष्ट विसरली जाते. कच खाल्ली ती नाटकावर प्रेम करणाऱ्या माणसांच्या संस्थेनं. त्यातले कलावंत बाहेर पडले, 27 मार्च 1973 रोजी त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला नाटक पुन्हा उभं केलं. 1980 मध्ये ते बर्लिनला निघालं तेव्हाही विरोध झाला, पण गेलं. संस्था वाकली, तेव्हा माणसांनी दुसरी संस्था बांधली. मला त्या मुलांचं फार अप्रूप वाटतं. त्यांतल्या बहुतेकांच्या नोकऱ्या आणि शिक्षणं अजून मार्गी लागायची होती.

त्याच 1972 मध्ये तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' सेन्सॉरच्या कात्रीत सापडलं. त्या लढ्याची हकीकत दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. बैठका, पत्रव्यवहार, कोर्टाच्या तारखा, हात वर करणारे लोक आणि ऐनवेळी सोबत उभे राहणारे लोक. संस्था दबावाखाली कशी वागते ते शिकायचं असेल, तर मी नाटकाच्या आधी हे पुस्तक हातात देईन.

आणि अरुण साधू. 'मुंबई दिनांक' 1972 चं, 'सिंहासन' 1977 चं. परतवाड्याचा हा माणूस मुंबईत इंग्रजी वर्तमानपत्रांत बातमीदारी करत होता आणि सचिवालयाचे जिने त्याच्या पायाखालचे होते. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात 'सिंहासन'ची एकच प्रत होती, खाकी पुठ्ठ्यात बांधलेली, पहिल्या पानावर जांभळा शिक्का. माझ्या हाती आली तोवर तिचे समास पेन्सिलीनं भरून गेले होते. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणजे अमुक, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे तमुक. एकानं लिहिलेलं नाव दुसऱ्यानं खोडून तिसरंच लिहिलं होतं. एका पानावर तर दोन वाचकांचं भांडण लागलं होतं, चार ओळींचं. तेव्हा मीही तोच खेळ खेळलो, आणि पुस्तक संपलं तेव्हा मला वाटलं की मला आतली बातमी कळली.

पुढे बऱ्याच वर्षांनी दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हा कळलं की त्या खेळानं आमची दिशाभूल केली होती. 'सिंहासन'मध्ये एकही बातमी अशी नाही जी तेव्हाच्या वाचकाला धक्का देईल. मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो, तुमच्याविरुद्ध कट शिजतोय. अर्थमंत्री आमदार मोजू लागतो. कामगारपुढारी, तस्कर, उद्योगपती, सगळे आपापल्या दोऱ्या ओढतात. हे सगळं गावातल्या पारावर बोललं जात होतंच. साधूंनी त्यात जे घातलं ते वेगळं: दिगू टिपणीस. सगळं जाणणारा बातमीदार. कुणाच्या बंगल्यावर कोण गेलं, कुणाला काय कबूल झालं, त्याला पाठ आहे. त्यातलं तो किती छापू शकतो? जवळजवळ काहीच नाही. आणि त्याला कुणी धमकीही देत नाही. त्याला चहा पाजतात, खांद्यावर हात ठेवतात, विश्वासात घेतात. विश्वासात घेतलेला माणूस त्या पाठींच्या रांगेत केव्हा उभा राहिला ते त्याला स्वतःलाही कळत नाही. जब्बार पटेल यांनी दोन्ही कादंबऱ्या मिळून 'सिंहासन' सिनेमा केला. त्याच्या शेवटी भर रस्त्यात वेड्यासारखा हसणारा निळू फुल्यांचा दिगू ज्यांनी पाहिलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते वेगळं सांगायला नको.

साधूंच्या बाजूनं बोलताना एक उणीव सांगितलीच पाहिजे. त्यांच्या सचिवालयात कारकून जवळजवळ नाहीत. फाइल वर जाते, खाली येते, पण ती हातात घेऊन उठणारा, तिच्यावर शेरा मारताना थबकणारा माणूस दिसत नाही. बायकाही बहुतेक बंगल्यांतच राहतात. सत्ता वरून कशी दिसते ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. खालून ती कशी दिसते यासाठी बागुलांकडेच परत जावं लागतं.

मध्ये आणीबाणी आली आणि पुस्तकांतले प्रश्न लेखकांच्या दारात येऊन उभे राहिले. डिसेंबर 1975 मध्ये कराडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, ज्या सरकारनं आणीबाणी पुकारली त्याच सरकारातले मंत्री. जयप्रकाश नारायण तेव्हा आजारी होते, आणि त्यांचं नाव जाहीरपणे घ्यायलाही लोक कचरत होते. दुर्गाबाईंनी चव्हाणांच्या समोर, त्याच व्यासपीठावरून, जयप्रकाशांना आराम पडावा म्हणून सभेला प्रार्थनेसाठी उभं केलं. मंडपातल्या प्रत्येकाला देशात काय चाललंय ते माहीत होतं. बोलून दाखवायला पासष्ट वर्षांची एक अभ्यासक बाई लागली. पुढच्या वर्षी मुंबईच्या एशियाटिक ग्रंथालयात त्यांना अटक झाली. पुस्तकांच्या टेबलावरून पोलिसांनी उठवून नेलेला दुसरा संमेलनाध्यक्ष मला आठवत नाही.

आणीबाणीवर मराठीत जे लिहिलं गेलं, त्यात विनय हर्डीकरांचं 'जनांचा प्रवाहो चालिला' मला सगळ्यांत टिकाऊ वाटतं. 1978 चं पुस्तक. हर्डीकर तिशीच्याही आतले होते, स्वतः तुरुंग पाहून आले होते. त्यांनी सत्ताधाऱ्यांना तर विचारलंच, आपल्या बाजूच्या माणसांनाही विचारलं. राज्य सरकारचा पुरस्कार त्याला जाहीर झाला आणि 1981 मध्ये अंतुले सरकारनं तो काढून घेतला. परीक्षक शासनानंच नेमलेले, निवड त्यांनी केलेली, आणि तरीही. ज्या पुस्तकानं सत्ता लहरीवर कशी चालते ते सांगितलं, त्याच्या बाबतीत सत्तेनं तसंच वागून दाखवलं.

त्याच साली तेंडुलकरांचं 'कमला' आलं. दिल्लीतला मोठा पत्रकार जयसिंग जाधव बायकांच्या बाजारातून एक बाई विकत आणतो, पत्रकार परिषदेत उभी करून देशाला हादरवायचं म्हणून. नाटकात त्या परिषदेहून मोठा क्षण घरात घडतो. कमला जयसिंगच्या बायकोला, सरिताला, अगदी सहज विचारते, तुला केवढ्याला आणली. सरिता 'सातशे' असं सांगून वेळ मारून नेते, पण तिथून पुढे ती आपल्या घराकडे पूर्वीसारखी पाहू शकत नाही. बाजाराचं गुपित फोडणाऱ्या माणसाच्या घरात तेच गुपित मांडी घालून बसलेलं. आणि ज्या बाईची गोष्ट, तिला कुणी काही विचारत नाही. बेणारेलाही विचारलं नव्हतं. पुढे मालकाला वरून दट्ट्या येतो, जयसिंगची नोकरी जाते, हेही तेंडुलकर सांगतात, पण माझ्या लेखी नाटक त्या एका प्रश्नावरच पूर्ण होतं.

1981 नंतरही या वाटेनं चांगली माणसं गेली. विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'नं धरणग्रस्तांचं पुनर्वसन कागदावर कसं पूर्ण होतं ते दाखवलं, रंगनाथ पठारेंच्या 'ताम्रपट'नं स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या पिढीचं सत्तेत काय झालं ते. दोन्ही थोर पुस्तकं. पण त्यांच्या आसपास जी राजकीय कादंबऱ्यांची भरती आली, ती बहुतेक पेन्सिलवाल्या वाचकासाठी लिहिलेली होती. कोण कोण आहे ते ओळखा आणि पान उलटा. तिच्यातल्या फारच थोड्यांकडे मी परत गेलो.

डिसेंबर 2022 मध्ये जुनी तारीख पुन्हा उगवली. कोबाड गांधींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या तुरुंगातल्या आठवणींचा अनघा लेले यांनी केलेला अनुवाद राज्य शासनाच्या पुरस्कारासाठी निवडला गेला. 6 तारखेला घोषणा झाली, 12 तारखेला शासन निर्णय काढून पुरस्कार रद्द झाला आणि निवड समितीही बरखास्त झाली. कारण दिलं गेलं, प्रशासकीय. लक्ष्मीकांत देशमुखांनी भाषा सल्लागार समितीचं अध्यक्षपद सोडलं. शरद बाविस्करांनी 'भुरा'ला मिळालेला पुरस्कार नाकारला. आणखी काही लेखक-लेखिकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. 1973 सालच्या त्या पुण्याच्या मुलांसारखेच तेही पाठींच्या रांगेतून बाहेर पडले.

वाचकांना एकच विनंती. आपल्या गावच्या वाचनालयात 'जनांचा प्रवाहो चालिला' आणि हा अनुवाद, दोन्ही आहेत का ते विचारा. नसतील तर मागणीच्या वहीत दोन्हींची नावं लिहा, आणि खाली आपलं नाव आणि सभासद क्रमांक स्पष्ट अक्षरात घाला.