तेलाची गाडी आणि आपली घागर

सोलापुराहून मंगळवेढ्याच्या अथवा अक्कलकोटच्या रस्त्यास लागलें, म्हणजे लांबट टाकी वाहणारा टँकर बहुधा दृष्टीस पडतोच. शहरानजीक पाकणी येथें मुंबईहून पुण्यामार्गें आलेल्या नळांतून तेल पोंचतें आणि तेथून तें टँकरनें गांवोगांवच्या पंपांवर जातें. शेतांतला ट्रॅक्टर व कारखान्याकडे ऊंस नेणारी मालमोटार याच गाडीच्या भरंवशावर चालतात. परंतु तिच्या सारथ्याचें काम किती अवघड आहे, याचा विचार घरीं फारसा होत नाहीं.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळीं रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून येई आणि खेड्यांत बैलगाडीनें जाई. डबा फुटला, तरी हानि एका डब्यापुरतीच! आजच्या टँकरमध्यें सामान्यतः १२ ते २० हजार लिटर तेल असतें, आणि तें स्वस्थ बसत नाहीं. टाकी अर्धवट भरलेली असली कीं वळणावर तें एका अंगास धांवतें व गाडी कलती करतें. ब्रेक दाबल्यास पुढें उसळून धक्का देतें. म्हणून टाकींत पडदे घालून कप्पे पाडलेले असतात. तरीहि अरुंद रस्ता, खचलेली कड आणि समोरून येणारी उंसाची गाडी यांतून वाट काढावयाची ती चालकानेंच. पंपावर पोंचल्यावरहि प्रथम टाकी तारेनें जमिनीशीं जोडावयाची, मगच तेल उतरावयाचें. कारण वाहत्या तेलानें उत्पन्न होणाऱ्या विजेची एक ठिणगी पुरे होते.

कायद्यानेंहि हें काम सामान्य मानलेलें नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार-वाहन नियमांनीं अशा चालकास निराळें शिक्षण आवश्यक केलें. गाडीवरील फलकाचा आंकडाहि बोलका असतो: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस.

इतकी खबरदारी घेऊनहि एखादा टँकर उलटतो. त्या क्षणीं परीक्षा चालकाची संपते आणि आपली सुरू होते. २५ जून २०१७ रोजीं पाकिस्तानांतील अहमदपूर शर्किया येथें पेट्रोलचा टँकर उलटला. आसपासचीं माणसें सांडलेलें पेट्रोल भांड्यांत भरून घेण्यास जमलीं. भडका उडाला आणि २०० हून अधिक जीव गेले. फुकट मिळतें तें घ्यावें, एवढाच तो मोह! तो आपल्या गांवीं कोणास होणार नाहीं, असें आम्हांस छातीठोकपणें सांगवत नाहीं. पेट्रोलची वाफ डोळ्यांस न दिसतां जमिनीलगत दूरवर पसरते, हें पुष्कळांस ठाऊकच नसतें.

म्हणून घरांतील वडील मंडळींनीं मुलांस व गडीमाणसांस एकदां जवळ बसवून सांगावें: टँकर उलटलेला दिसतांच वारा जिकडून येतो त्या बाजूस लांब निघून जावें, विडी किंवा गाडी पेटवूं नये, फलकावरील आंकडा दुरून दिसल्यास ध्यानांत ठेवावा आणि ११२ या क्रमांकावर कळवावें. घागर मात्र घरींच राहूं द्यावी.