दोन वाट्या हवा

लहानपणी आजीने सांगितलं होतं, दोन्ही कानांत बोटं घाल, घूंऽऽ असा आवाज येतो ना, ती रावणाची चिता. लंकेत अजून जळतेय. मी कित्येक दुपारी ओसरीवर कानांत बोटं खुपसून ती चिता ऐकत बसलो आहे. पुढे शाळा झाली, कॉलेज झालं, विज्ञानाची पदवी झाली आणि या धबडग्यात चिता कधी विझली ते कळलंच नाही. गेल्या आठवड्यात ती पुन्हा पेटली. नवे हेडफोन खोक्यातून काढले, वायर कशालाही न जोडता नुसतेच कानांवर चढवले, आणि घूंऽऽ.

आता या वयात कारण शोधल्याशिवाय चैन पडत नाही. बोटं घातल्यावर जे ऐकू येतं, तो बराचसा आपल्याच स्नायूंचा आवाज असतो. स्नायू आवळून धरला की तो आपल्याला स्थिर वाटतो, पण आत त्याचे तंतू सेकंदाला वीस-पंचवीस वेळा थरथरत असतात आणि ती थरथर बोटाच्या हाडातून थेट कानात उतरते. विल्यम वोलॅस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१० साली छापलेल्या व्याख्यानात हे मांडलं आहे. त्याला हा आवाज लंडनच्या फरसबंद रस्त्यावरून धावणाऱ्या घोडागाड्यांसारखा वाटला. ज्याची त्याची लंका. पटत नसेल तर कानात बोट ठेवूनच मूठ आवळून बघा, चिता भडकते.

हेडफोनच्या आत मात्र बोट नव्हतं. तिथला घुमार शंखाच्या जातीचा. खोलीत आपण ‘शांतता’ म्हणतो तीही बारीकसारीक आवाजांची खिचडीच असते. त्यातले थोडे आवाज आत झिरपतात आणि पोकळी त्यांतले स्वतःच्या मापाचे तेवढे उचलून मोठे करते. अलिबागला शंख कानाला लावून आपण जो समुद्र ऐकतो, तो असा आपल्याच आजूबाजूचा असतो. थोडक्यात, गाणं सुरू व्हायच्या आधीच या वस्तूने मला सांगून टाकलं होतं की ती मुळात एक पोकळी आहे. वाजणारं यंत्र त्यानंतर.

वस्तू म्हणजे बायरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो, ८० ओहमचे. माझ्या घरात नवे, जगात जुने: ऐंशीच्या दशकापासून ते जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी तयार होत आहेत. ऑयगेन बायर याने १९२४ साली बर्लिनमध्ये ही कंपनी काढली ती चित्रपटगृहांच्या लाउडस्पीकरसाठी. पुढे १९३७ साली त्याच लाउडस्पीकरची युक्ती लहान करून कानावर बसवली आणि डीटी ४८ हे हेडफोन आणले. त्याच्याही आधी, १९१० साली, अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन नावाचा माणूस आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवत होता आणि ते नौदलाला विकत होता. जगातल्या पहिल्यावहिल्या चांगल्या हेडफोनना फोडणीचा वास असणार, अशी माझी आपली समजूत.

वजन वायर सोडून २७० ग्रॅम, म्हणजे पाव किलोहून जरा जास्त. कानांभोवती बसणाऱ्या गाद्या करड्या वेलूरच्या, सराफाच्या डबीत असते तशा मऊ. पुण्याच्या एप्रिलमध्ये वेलूर हा शब्द ऐकूनच घाम फुटतो, पण रेक्झिनपेक्षा ते बरं; अर्ध्या तासाने कान गरम झाले, चिकट नाही झाले. वायर तीन मीटरची. ती पायात घेऊन मी दिवसभर दाव्याला बांधलेल्या वासरासारखा टेबलाभोवती फिरलो.

आणि पाठ बंद. हेडफोनच्या दोन मुख्य जाती आहेत. एकीच्या वाटीला बाहेरून जाळी असते, तिच्यातून आवाज बाहेरही जातो आणि बाहेरचा आतही येतो. दुसरीची वाटी अखंड. डबिंग करणारे, गाणी रेकॉर्ड करणारे कलाकार ही दुसरी जात वापरतात, कारण कानातला ट्रॅक बाहेर गळला तर तो समोरच्या माइकमध्ये शिरतो. माझं कारण याहून साधं: खाली बसस्टॉप आहे.

बाहेरचा आवाज सुमारे १८ डेसिबलने कमी होतो, असं कंपनी सांगते. म्हणजे ऊर्जेच्या हिशोबाने साठावा हिस्साही आत येत नाही. पण कान हा असला वाणी आहे की साठातला एक दिला तरी त्याला पाव मिळाल्यासारखा वाटतो. पंख्याची सूंसूं गेली. शेजारच्या कुकरची शिट्टी दोन इमारती पलीकडे सरकली. बसच्या इंजिनाची घरघर मात्र होती तिथेच. बारीक, जलद आवाज वाटीच्या भिंतीवर आपटून परततात. जाड, संथ आवाज अख्खी वाटीच गादीवर आतबाहेर ढकलतो. त्याला दार उघडावं लागत नाही, तो भिंतीसकट आत येतो.

मग तानपुरा लावला, नुसताच. एवढी वर्षं मोबाइलच्या चपट्या स्पीकरवर मी खर्जाची तार ऐकत होतो असं समजत होतो. प्रत्यक्षात तिचा मूळ स्वर त्या स्पीकरला झेपतच नाही. तो फक्त वरचे उपस्वर देतो, आणि त्यांच्यातलं अंतर मोजून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो, उधारीवर. आता पहिल्यांदा रोख मिळाला. फरक कानाला कळायच्या आधी छातीला कळल्यासारखा वाटला. छातीपर्यंत काहीही पोचत नव्हतं, हे मला ठाऊक असूनही.

पुढे विलंबित ख्याल सुरू झाला, तबला आला, आणि डग्ग्यावर वादकाने मनगट दाबून घुमारा ओढला तेव्हा मी हेडफोन काढून त्यांच्याकडे बघत बसलो. कारण हे जमायला नको होतं.

शंभर हर्ट्झच्या आवाजाची हवेतली एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, माझ्या खोलीएवढी. वीस हर्ट्झची तर सतरा मीटर, एसटीच्या बसपेक्षाही लांब. म्हणूनच लग्नाच्या मांडवात डीजेवाला कपाटाएवढे स्पीकर रचतो. इथे तर आवाज काढणारी तबकडी माझ्या मुठीत मावेल एवढी आणि वाटी आमटीची. सतरा मीटरची लाट आमटीच्या वाटीत कशी मावते?

उत्तर असं की ती मावत नाही. तिथे लाट नसतेच.

सायकलचा पंप आठवा. पुढच्या भोकावर अंगठा घट्ट दाबला आणि दांडा रेटला की आत हवा कुठेही जात नाही, नुसती आवळली जाते. बंद हेडफोन हा असाच पंप आहे. एका बाजूला तबकडी, सभोवती गादी आणि पलीकडच्या तोंडाशी अंगठ्याच्या जागी माझा कानाचा पडदा. डग्ग्याचा घुमारा या वाटीत इकडून तिकडे प्रवास करत नाही. सगळी हवा एकदम दाबली जाते, एकदम सैल होते, सेकंदाला ऐंशी वेळा, नव्वद वेळा. आणि पडद्याला तरी दुसरं काय हवं असतं? त्याला लाटेची लांबी मोजायची नसते. दाब वाढला की तो आत जातो, कमी झाला की बाहेर येतो. मांडवातला स्पीकर सगळ्या गावाची हवा हलवतो, त्यातली चिमूटभर माझ्या कानात येते. हेडफोन फक्त ती चिमूट हलवतो.

किती हलवतो, याचं गणित मी विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडलं. वाटीत साधारण पन्नास मिलिलिटर हवा धरली. ९४ डेसिबल, म्हणजे चांगलाच मोठा आवाज, याचा अर्थ दाबात एक पास्कलचा चढउतार. आपल्याभोवतीच्या हवेचा दाबच मुळात सुमारे एक लाख पास्कल असतो. एवढाच चढ आणायला पन्नास मिलिलिटरमधून जागा कमी करावी लागते ती फक्त ०.३५ घन मिलिमीटर, साधारण खसखशीच्या दाण्याएवढी! चार सेंटिमीटर व्यासाची तबकडी धरली तर तिने सरकायचं अंतर येतं मिलिमीटरचा साडेतीन हजारावा भाग. डोक्यावरचा एक केस उभा चिरून त्याच्या अडीचशे पापुद्र्या काढल्या, तर त्यांतल्या एकीएवढं. गादीच्या फटींतून हवा थोडी गळतेच, म्हणून खरा आकडा जास्त असणार. तरी मी ते बिल तीनदा तपासलं. आणि हा झाला मोठा आवाज. ज्याच्याखाली काहीच ऐकू येत नाही असा सगळ्यात बारीक आवाज असतो, तेव्हा कानाचा पडदा हायड्रोजनच्या अणूच्या रुंदीइतकाही हलत नाही. तरी आपल्याला कळतं की कुणीतरी कुजबुजलं.

पंपाचा दाखला खरा असेल तर अंगठा सैल केल्यावर काय होतं, तेही दिसलं पाहिजे. मी चष्मा घालतो. काड्यांमुळे गादी आणि कानशिलाच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी फट राहते, हे लक्षातच आलं नव्हतं. चष्मा काढला, डग्गा एकदम गुबगुबीत झाला. मग मुद्दाम एक पेन्सिल गादीखाली सरकवली. डग्ग्याचं पोट गेलं, नुसती कातडी उरली. पण गंमत पुढे आहे: गायकाचा श्वास, तानपुऱ्याची जवारी, चाटीवरचा ‘ना’, यांत काडीचा फरक नाही. फट एकच, मग गळती डग्ग्याचीच का? कारण डग्गा संथ आहे. दांडा सावकाश रेटला तर हवेला फटीतून सटकायला सवड मिळते. जोरात झटका दिला तर सवड मिळायच्या आत काम होऊन जातं. दुकानात हेडफोन नुसते हातात उचलून कानाशी धरणारे आणि ‘यात बास नाही’ म्हणून ठेवून देणारे लोक बघतो तेव्हा आता मला राहवत नाही. अहो, अर्धा डबा तुमचं डोकं आहे! ते लावल्याशिवाय डबा पुरा कसा होणार?

डब्याच्या मागच्या अर्ध्याची कथा जरा करुण आहे. तबकडी पुढे सरकून कानाकडची हवा दाबते, त्याच क्षणी तिच्या पाठीमागची हवा सैल होते. म्हणजे प्रत्येक सुराबरोबर पाठीमागे त्याचा नेमका उलटा सूर जन्मतो. जाळीवाल्या हेडफोनमध्ये तो निघून जातो. इथे तो कोंडला जातो, भिंतीवर आपटतो आणि पातळ तबकडीतूनच पुन्हा कानाकडे येऊ बघतो, थोडा उशिराने. त्याला आवरलं नाही की गायक पिंपात बसून गातो आहे असं वाटतं. म्हणून आत मऊ अस्तरं असतात, त्याला निजवायला. आणि इतकं करूनही या हेडफोनच्या ‘बंद’ पाठीत एक छोटी वाट मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे, खालचे स्वर नीट यावेत म्हणून. कुकरलाही शिट्टी लागतेच. ऐकताना मला कुठे कुठे, विशेषतः पुरुषी आवाजाच्या मध्यभागी, भिंतीची किंचित चाहूल लागली. खटकली असं नाही म्हणणार. खोलीचं दार लावलं आहे एवढं कळत राहतं.

कान बंद असताना चिवडा खाऊ नये, हा या आठवड्यातला आणखी एक शोध. एरवी चावण्याचा आवाज हाडांतून कानाच्या नळीत येतो आणि बाहेर निघून जातो. दार बंद असलं की तो आतच घुमतो. मारव्याच्या आलापात मध्येच ट्रॅक्टर गेला.

रविवारी बाबांच्या डोक्यावर हेडफोन चढवले. वय ७९, लहानपणापासून नाट्यसंगीत.

“बाबा, आधी चष्मा काढा.”

“ऐकायला चष्मा काढायचा?”

“काढा तर.”

एक जुनं, स्टिरिओच्या आधीच्या काळातलं ध्वनिमुद्रण लावलं. बाबांनी डोळे मिटले, आणि अर्ध्या मिनिटाने एवढ्या मोठ्याने ओरडले की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून वर बघितलं. “अरे, हा माझ्या टाळूखाली बसून गातोय!”

दोन्ही गोष्टी अगदी नियमाला धरून होत्या. बाजूने आलेला आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो. ही तफावत जास्तीत जास्त सेकंदाचा दीड हजारावा भाग असते, आणि मेंदू एक लाखाव्या भागापर्यंतचा फरक ओळखतो. त्यावरून तो दिशा ठरवतो. कानाच्या पाळीच्या वळ्या आवाजाला थोडं वाकवतात, त्यावरून वर-खाली, मागे-पुढे ठरतं. मान वळवली की हे सगळं बदलतं आणि खात्री पटते. इथे दोन्ही कानांना एकच आवाज, एकाच क्षणी, भिंतींवरून परतलेलं काही नाही, आणि मान वळवली तर गायकही सोबत वळतो. अशी एकच जागा जगात आहे. मेंदू तिथे त्याला बसवून मोकळा होतो, दोन कानांच्या बरोबर मध्ये. ओरडण्याचं कारण एत्येन लोंबार्द या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली लिहून ठेवलं आहे: स्वतःचा आवाज नीट ऐकू येईनासा झाला की माणूस नकळत तो चढवतो.

मी हे सगळं समजावून सांगत होतो, पण कुणाला? बाबांची मान आता समेवर हलत होती. आई आतून दोनदा हाक मारून गेली, तिसऱ्यांदा बाहेर आली, आणि त्यांच्या उजव्या कानावरची वाटी दोन बोटांनी जराशी उचलून म्हणाली, “चहा.”

बाबांच्या कपाळावर आठी पडली. डग्गा गेला असणार.