पहिली रायफल घेताना

गोव्यातल्या मांद्र्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायचीय. पहिलीच. दोन लाखांपर्यंत जमतील. कुठली घेऊ?" मोबाइलवर त्याने परदेशातले व्हिडिओ पाहिले होते. प्रत्येक वेळी बोल्ट ओढायची कटकट नाही, ट्रिगर दाबला की गोळी, पुन्हा दाबला की दुसरी. नेमबाजीत उतरायची त्याची हौस खरी होती आणि पैसेही त्याने स्वतः साठवलेले होते. म्हणून त्याला नुसतं 'नको' म्हणून फोन ठेवणं मला पटलं नाही. त्याला जे सांगितलं ते इतरही घरांत उपयोगी पडेल, म्हणून इथे लिहितो.

आधी कायदा

अर्धस्वयंचलित रायफलीत गोळी सुटताना निर्माण झालेल्या दाबाचा काही भाग मागे वळतो. तो बोल्ट उघडतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीत बसवतो. हाताला काम उरतं ते फक्त ट्रिगर दाबायचं. अमेरिकेत अशी रायफल हौशी माणूस दुकानातून घेऊ शकतो. आपल्याकडे मात्र शस्त्र नियम, २०१६ नुसार तिच्यावर कडक निर्बंध आहेत. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय तिला हातही लावता येत नाही. असं शस्त्र बेकायदा बाळगल्यास कैद आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा वाढली आहे. कुणी 'कागद मी बघतो' म्हणून अशी रायफल दाखवली, तर तिथून तडक घरी यावं.

तिकडे पेडणे, डिचोलीत बंदूक नवी नाही. काजूच्या बागेत आणि शेतात रानडुकरं शिरतात, म्हणून काही घरांत परवान्याची ठासणीची बंदूक असते. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी अशा बंदुकीची तरतूद आहे. त्याच कलमात पुढे आणखी एक तरतूद आहे, आणि भाच्याच्या कामाची ती आहे: मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफल. म्हणजे हौशी नेमबाजाला कायद्याने वाट ठेवली आहे, पण ती क्लबच्या दारातून जाते.

पॉइंट टू-टूला परवाना लागतो, तो जिल्हाधिकारी देतात. ४.५ मिलिमीटर नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. दुकानदार ओळखपत्र मागतो, ते द्यावं आणि पावती जपून ठेवावी. परवाना नाही याचा अर्थ ती बागेत माकडांवर किंवा मोरांवर चालवायची असा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

एका वेळी एकच

कायदा बाजूला ठेवला तरी खेळ काय मागतो ते पाहू. ऑलिंपिकमधल्या पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात अर्धस्वयंचलित पिस्तुलं चालतात, कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं. रायफलीत मात्र दहा मीटर असो की पन्नास, प्रत्येक गोळी हाताने भरायची असते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेही एकेक गोळी भरूनच. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून अशा तिन्ही स्थितींत.

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो. त्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट. स्पर्धेत ६० छर्रे मारायला ७५ मिनिटं मिळतात. एका छर्‍याला सरासरी सव्वा मिनिट. त्यात रायफल खांद्याला लावायची, श्वास सोडायचा, वाट पाहायची आणि हात हलला असं वाटलं तर रायफल खाली ठेवून पुन्हा सुरुवात करायची. भराभर गोळ्या सोडणाऱ्या यंत्राला इथे कामच नाही. नवशिक्याला एक छर्रा नीट सोडायला शिकवते ती रायफल चांगली.

काय पाहून घ्यावी

पहिली गोष्ट अंगाला बसणं. रायफल खांद्याला लावल्यावर मान न ताणता, गाल चीकपीसवर सहज टेकून डोळा मागच्या साइटच्या छिद्रासमोर यायला हवा. बटची लांबी आणि चीकपीसची उंची बदलता येणारी रायफल घ्यावी, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलासाठी. नियमाने वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, पण तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला तेवढं भारी होतं. शेजाऱ्याने घेतली म्हणून तीच घेऊ नये.

दुसरी गोष्ट यंत्रणा. स्प्रिंगची रायफल सर्वांत स्वस्त, पण छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच तिला झटका बसतो आणि नेम हलतो. कॉम्प्रेस्ड हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या रायफलीला झटका जवळपास नसतोच, म्हणून स्पर्धेत तीच दिसते. परदेशी बनावटीची नवी रायफल साधारण दीड लाखाच्या पुढे जाते. दुर्बीण लावलेली घेऊ नये, स्पर्धेत ती चालत नाही. छिद्राची डायॉप्टर साइट हवी.

तिसरी गोष्ट, जुनी घ्यायची तर सिलिंडरची तारीख. सिलिंडर हातात घेऊन उजेडाकडे फिरवला की अंगावर कोरलेली बनावटीची तारीख दिसते. मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरात तर मुळीच वापरू नये. आत शेकडो वातावरणांचा दाब असतो. नवा सिलिंडर घ्यावा लागणार असेल तर तो खर्च सौद्यात आधी धरावा.

चौथी गोष्ट मांद्र्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावांसाठी. समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल यांनी नळी आणि स्क्रू गंजतात. सरावानंतर तेलाचा कपडा फिरवावा, ओलसर कव्हरात रायफल बंद करून ठेवू नये आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. हातपंपाने सिलिंडर भरला तर हवेतला ओलावा आत जातो, तेव्हा कोरडी, गाळलेली हवा मिळेल तिथेच तो भरून घ्यावा.

दोन लाखांचा हिशेब

सगळे पैसे रायफलीत घालू नयेत. आठवड्याला पाच दिवस, रोज साठ छर्रे धरले तर वर्षाला पंधरा हजारांवर छर्रे होतात. पाचशेच्या डब्या धरल्या तर एकतीस. त्यात जाकीट, पँट, बूट, हातमोजा आणि रेंजची फी आलीच. हे जमेस धरलं तर लाखभरात सेकंडहँड, चांगल्या अवस्थेतली रायफल आणि उरलेल्या पैशांत वर्षभराचा सराव, हाच हिशेब मला योग्य वाटतो. रायफल महाग आणि छर्‍यांना पैसे नाहीत, अशी पेटी घरात पडून राहते.

भाच्याला शेवटी एवढंच सांगितलं: आधी क्लबात जा, क्लबची रायफल घे आणि तीन महिने मार. रोजचं लक्ष्य तारीख लिहून घरी ठेव. मारलेल्या दहाही छर्‍यांची भोकं पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकली जाऊ लागली, तीही सलग आठ दिवस, की मला फोन कर. मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात येईन. तोवर तुझा खांदा केवढा, मान कुठे टेकते, ट्रिगर किती हलका हवा, हे तुझं तुलाच कळलेलं असेल.