एका धाग्याची करामत

पंचा आडवा धरून ओढला तर फारसं काही घडत नाही. कानटोपीची पट्टी ओढली तर ती सहज दीडपट होते आणि सोडली की जागेवर येते. दोन्हीकडे शेवटी धागाच. बरं, टोपी उसवून तो एकटा लोकरीचा धागा ताणून पाहिला, तर तोही फार वाढत नाही. मग टोपीत हा ताण येतो कुठून?

येतो तो वळणांतून. मागावरच्या कापडात शेकडो धागे उभे-आडवे पसरलेले असतात. दोन सुयांवरच्या विणकामात धागा एकच, आणि तो सरळ असा कुठेच नसतो. खालच्या टाक्यातून नवा फास ओढून काढायचा, पुढच्या ओळीत त्यातून आणखी एक. कापड ओढलं की धागा आहे तेवढाच राहतो. फास रुंदावतो आणि बुटका होतो. या सगळ्यात गाठ कुठेही नाही. शेवटचा टाका मोकळा करून टोक ओढलं की विणलेलं सगळं सरसर उसवून पुन्हा गुंडा. सुरुवातीच्या टोकाकडून मात्र असं उसवत नाही, कितीही ओढा.

आणि टाके किती? सुलट आणि उलट, एवढेच. खरं तर एकच, कारण सुलट टाका मागून पाहिला की तोच उलट दिसतो.

एवढ्याशा भांडवलावर काय काय होतं ते पाहा. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणत गेलं, तर तुकडा सुईवरून उतरताच गुंडाळायला लागतो: वरखालच्या कडा पुढे वळतात, बाजूच्या मागे. नव्याने शिकणारीला वाटतं आपला हातच वाईट. हात ठीकच असतो. वाकवलेला धागा सरळ व्हायला बघतो, आणि पुढची-मागची वळणं सारखी नसल्यामुळे त्या ओढाताणीत कडा वळतात. सगळ्याच ओळी सुलट विणल्या तर दोन्ही बाजू सारख्या होतात, तुकडा सपाट पडतो आणि उभा छान ताणला जातो. एकाच ओळीत एक सुलट, एक उलट घेत गेलं तर उलट टाक्यांच्या उभ्या रांगा मागे दडतात आणि कापड आडवं आक्रसतं. ओढलं की त्या रांगा पुढे येतात. मनगटाला, गळ्याला, टोपीच्या काठाला हीच वीण का, ते यातच आलं.

अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये एलिसाबेटा मात्सुमोतो या भौतिकशास्त्रज्ञ याच प्रश्नामागे आहेत. त्यांच्या गटाने अशा चार साध्या विणी ताणून, मोजून, संगणकावर पुन्हा उभ्या केल्या. २०२४ मध्ये ते काम ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापून आलं. धागा तोच ठेवून नुसता सुलट-उलटचा क्रम बदलला की कापडाचा ताठरपणा बदलतो, तो किती आणि का, याचा हा हिशोब आहे. टाक्यांचे नमुने लिहून ठेवणाऱ्या वह्यांकडे मी तेव्हापासून जरा अदबीने बघते.

या हिवाळ्यात मी मोज्यांच्या नादी लागले होते. मोठ्या माणसाच्या एका जोडीला बारीक लोकर साधारण १०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ४०० मीटर धागा लागतो. घोट्यापर्यंत नुसती सरळ नळी. खरी जादू टाचेत. तिथे अर्धे टाके तसेच सुईवर थांबवायचे, उरलेल्या अर्ध्यांवर मागे-पुढे विणायचं, आणि दर ओळ आधीच्या ओळीच्या थोडी अलीकडेच संपवून उलट फिरायचं. मग पुन्हा एकेक टाका सामील करत पूर्ण रुंदीवर यायचं. एका बाजूला ओळी जास्त झाल्या, दुसरीला नाहीत, त्यामुळे नळीला वळावंच लागतं. कात्री नाही, शिवण नाही, आणि पायासारखा कोन तयार! शिंपी आधी कापड घेतो, मग कापून त्याला आकार देतो. इथे कापड आणि आकार एकदमच जन्माला येतात.

पुढचे बेत दोन, आणि दोन्ही एलिझाबेथ झिमरमन यांच्या डोक्यातून आलेले. १९१० मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि नंतर अमेरिकेत स्थायिक झालेल्या या बाईंनी स्वेटरचं गणित टक्क्यांवर आणून ठेवलं. छातीच्या घेराचे टाके १०० टक्के धरा. मनगटाला त्यांचे २० टक्के, दंडाला ३३, गळ्याला ४०. इंचाला ५ टाके बसत असतील आणि घेर ४० इंच हवा असेल, तर अंगाला २००, मनगटाला ४०, दंडाला ६६, गळ्याला ८०. नमुन्याचं पुस्तक नाही उघडलं तरी चालतं. नाशिकच्या भावाचा स्वेटर मी याच हिशोबाने विणणार आहे.

दुसरा बेत भाचीच्या बाळंतविड्यासाठी. झिमरमनबाईंचं १९६८ चं बाळाचं जाकीट सगळं सुलट विणीत, एकाच सपाट तुकड्यात होतं. दोन ठरलेल्या जागी टाके कमी करत जायचे, पुढे त्याच जागी वाढवायचे. विणून झाल्यावर हातात जे येतं त्याला पुढा-पाठ काही कळत नाही. दोन घड्या घातल्या की बाह्या, गळा, पुढचे पल्ले जागच्या जागी, आणि शिवण फक्त खांद्यांवर.

बाळ मे महिन्यात यायचं आहे, म्हणून लोकरीऐवजी सुती धागा. लोकरीच्या तंतूला स्वतःचा कुरळेपणा असतो, सुताला तो नाही. ताणलेलं परत आणायचं सगळं काम टाक्यांवरच पडतं, आणि सुलट वीण तर धुतल्यावर लांबीत सुटतेच. तेव्हा सुई एक नंबर बारीक घेईन आणि आधी चार इंचांचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजेन.