जवळची मेमरी, दूरची मेमरी

विद्यार्थिदशेत मला ओरिजिन २००० या संगणकावर काम करायची संधी मिळाली. हवेच्या प्रवाहाचे एक मोठे गणित मी त्याच्या १६ प्रोसेसरांवर वाटून दिले. काम निदान दहा-बारा पटींनी लवकर उरकेल, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते तिप्पट वेगानेही होईना. आठवडाभर मी समीकरणांत चूक शोधत राहिलो. चूक तिथे नव्हतीच. ज्या यंत्रावर काम करत होतो, त्याची रचना मला कळली नव्हती.

सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकी कंपनीने हे यंत्र १९९६ मध्ये आणले. तिच्या आधीच्या चॅलेंज संगणकात ३६ पर्यंत प्रोसेसर बसत. पण मेमरीकडे जायला सर्वांना मिळून एकच वाट, म्हणजे बस. प्रोसेसर वाढवावेत तशी वाटेवरची गर्दी वाढे.

ओरिजिनमध्ये ही सामायिक वाटच काढून टाकली. यंत्राचा मूळ घटक म्हणजे नोड बोर्ड. त्यावर दोन प्रोसेसर, मेमरीचा एक हिस्सा आणि या सर्वांना जोडणारी ‘हब’ ही चिप. एका पेटीत असे चार बोर्ड मावत. अधिक ताकद हवी असेल तर आणखी एक पेटी आणून केबलने जोडायची. बोर्डांमधली ये-जा राउटर सांभाळत. प्रत्येक राउटरला सहा तोंडे होती : दोन बोर्डांसाठी, उरलेली इतर राउटरांसाठी. ६४ प्रोसेसरांच्या यंत्रात १६ राउटर लागत, तरी कोणत्याही दोन राउटरांमध्ये फार तर चार दुवे पडत. याच बोर्डांना चित्रे रेखाटणारी यंत्रणा जोडली की ओनिक्स२ हा ग्राफिक्स संगणक तयार होई.

मेमरी अशी बोर्डाबोर्डांवर विखुरलेली असूनही प्रोग्रामला ती एकसंधच दिसे. एका प्रोसेसरने आकडा बदलला की इतरांकडच्या जुन्या प्रती बाद व्हायला हव्यात. त्यासाठी कोणती प्रत कोणाकडे आहे, याची नोंदवही प्रत्येक बोर्ड आपापल्या मेमरीपुरती ठेवत असे. अंतर मात्र मिटत नव्हते. दूरच्या बोर्डावरून आकडा आणायला जवळच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ लागे.

माझी चूक इथेच होती. मेमरीचे पान जो प्रोसेसर पहिल्यांदा हाताळेल, त्याच्या बोर्डावर ते ठेवायचे, असा त्या यंत्राच्या कार्यप्रणालीचा रिवाज होता. मी सुरुवातीला सगळीकडे शून्य भरण्याचे काम एकट्या प्रोसेसरकडून करून घेतले होते. त्यामुळे सारा डेटा एका बोर्डावर साठला आणि बाकीचे प्रोसेसर त्याच्या दारात रांग लावून उभे राहिले. शून्य भरण्याचे कामही वाटून दिले, ज्याचे गणित त्यानेच आपली पाने प्रथम उघडायची असे ठरवले, आणि गणित धावू लागले.

आजच्या दोन सॉकेटांच्या सर्व्हरमध्येही प्रत्येक प्रोसेसरची मेमरी त्याच्याजवळ असते, आणि लिनक्सही सहसा हाच रिवाज पाळते. म्हणून एखादा प्रोग्राम रेंगाळत असल्याची तक्रार घेऊन कोणी आले, की मी आधी विचारतो : हा डेटा पहिल्यांदा कोणी हाताळला?