दागिन्यांची छायाचित्रे घरच्या घरी

पाटल्या, तोडे, चंद्रहार यांचे वजन वहीत असते. परंतु वाटणीच्या वा चोरीच्या प्रसंगी केवळ वजनावरून वस्तू ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक नगाचे जवळून घेतलेले छायाचित्र संग्रही असावे. धान्याची वानगी आम्ही भर उन्हात नव्हे, दारच्या उजेडात पारखतो. येथेही तोच प्रकार. खिडकीवर पातळ पांढरे वस्त्र लावून फ्लॅश बंद ठेवावा. झळाळते सोने आरसाच. समोरच्याचे लाल लुगडेही त्यात उमटते, तेव्हा भोवती पांढरे कागद उभे करावेत. मोबाईल फार जवळ नेल्यास चित्र धूसर येते. तो वीतभर दूर, वह्यांच्या थप्पीवर टेकवावा. शेजारी मोजपट्टी हवीच. १ एप्रिल २०२३ पासून विक्रीच्या हॉलमार्क दागिन्यांवर सहा अक्षरांकांचा क्रमांक असतो, तो टिपावा. आजीच्या दागिन्यांवर तो नसतो. तेथे झाळलेला सांधा, झिजलेली कडी यांचीच छायाचित्रे घ्यावीत.