न कुडकुडणाऱ्या बाळाची शेगडी

आमच्या घरी धाकटीचा जन्म ऐन डिसेंबरात झाला. मुलांच्या नानींनी लगेच पाणी तापवायला सांगितले. "बाळ कुठं कुडकुडतंय? घाला न्हाऊ!" नर्सबाईंनी मात्र साफ नकार दिला. तेव्हा आम्हालाही राग आला होता. पुढे वर्गात पेशीचा धडा शिकवताना त्यामागचे कारण उमगले.

नवजात बाळ सहसा कुडकुडत नाही. त्याची ऊब येते तपकिरी चरबीतून. ही चरबी मानेभोवती, पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे आणि मूत्रपिंडांभोवती असते. पांढरी चरबी ऊर्जा साठवते, तर ही जळून उष्णता देते. तिच्या पेशींत तंतुकणिका खच्चून भरलेल्या असतात. त्यांतल्या लोहामुळेच तिला तपकिरी रंग येतो.

तंतुकणिकेला आपण पेशीचे वीजघर म्हणतो. धरणाचे पाणी जनित्रातून सोडले की वीज बनते. तसेच तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यापलीकडे साठलेले प्रोटॉन परत येताना एटीपी तयार होते. तपकिरी चरबीत मात्र या पडद्याला आणखी एक दार असते, यूसीपी-१ नावाचे प्रथिन. थंडी लागली की मेंदू नसांमार्फत नॉरॲड्रेनॅलिन सोडतो, चरबी विरघळू लागते आणि हे दार उघडते. प्रोटॉन त्यातून परततात, एटीपी बनत नाही, सगळी ऊर्जा उष्णता होते. रक्त ती अंगभर पोचवते.

मोठ्यांतही ही चरबी थोडी उरते, हे 2009 मध्ये स्कॅनच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. ती साखर व चरबी जाळते, म्हणून मधुमेहाचे संशोधक तिच्यामागे आहेत.

पण बाळाची ही शेगडी फुकट पेटत नाही. तिला दूध हवे, प्राणवायू हवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती फारच थोडी असते. अंग ओले राहिले तर साठा झपाट्याने संपतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना पहिली अंघोळ किमान 24 तास लांबवायला सांगते. बाळाला कोरडे पुसावे, टोपी घालावी, आईच्या उघड्या छातीशी धरावे, लवकर दूध पाजावे. अंग गार लागले, बाळ सुस्त पडले, दूध ओढेना, तर तडक डॉक्टरांकडे न्यावे.

आता घरात कुणाकडेही पाळणा हलला की नानींचा पहिला सवाल असतो, "टोपी घातली ना? आणि अंघोळीची घाई नको!"